मोसंबीची साल आणि मामांचं रक्त

छत्रपती संभाजीनगर
१४ सप्टेंबर २०२४

ती. स्व. भुजंगमामांस,
संध्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरंय, ठेव’ म्हणून मोकळे होता, म्हणून हे पत्र. तुमच्या बागेतल्या मोसंब्या लॅबमध्ये सगळ्यांनी खाल्ल्या. साली मात्र मी कुणाला फेकू दिल्या नाहीत. त्या वाळवून अर्क काढला. नळीतल्या रक्तात अल्कोहोल घातलं की तांबड्या पेशींच्या आवरणाला लोखंडाला गंज चढावा तशी इजा होते आणि पेशी फुटतात. तुमच्या सालीचा अर्क आधी घातला, तर बऱ्याच पेशी वाचल्या. सलग तीनदा तेच आलं! आमचे सर म्हणाले, शोधनिबंधात मामांचे आभार मानायलाच हवेत.

मामींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची भाची,
संध्या

राजूर
२ ऑक्टोबर २०२४

चि. संध्यास,
मामाचे अ. उ. आ.

पत्र वाचून छाती फुगली. तुझी मामी माझी बाटली दिसली की तोंड फिरवून बसते. तिला पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, तर बिलकुल गप झाली. आता सालीची पूड करून ठेवलीय. आधी चमचाभर पूड, मंग बराबर दोन पेले. वीस वर्षांची सवय, पण आता धास्ती न्हाई. शेजारच्या तातेरावलाबी डबा भरून दिला. तो तर तीन पेले घेऊन राह्यला. माझी तब्येत खणखणीत. जरा पायाला सूज आल्ती अन् भूक लागत न्हाई, एवढंच.

असंच शोध लावत राहा अन् मामाला कळवत जा.
तुझा,
भुजंगमामा

छत्रपती संभाजीनगर
७ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. चूक माझी. बातमी सांगायच्या घाईत मी निम्मंच लिहिलं. अल्कोहोल वाढवलं की अर्क घातलेल्या नळीतल्या पेशीही फुटतात. आणि मामा, नळीला यकृत नसतं. पूड पोटातून रक्तापर्यंत किती पोचते, हे मला अजून माहीत नाही.

पायाची सूज आणि गेलेली भूक यांना पूड नको, डॉक्टर हवा. लगेच जालन्याला जा. मात्र दारू आपल्या मनानं एकदम बंद करू नका. इतक्या वर्षांनी तसं केलं तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. तुम्ही सोडाल, याबद्दल मला शंका नाही. दुष्काळात टँकरच्या पाण्यावर बाग जगवलेला माणूस आहात तुम्ही.

रागवा हवं तर, पण जा. तुमची माया गृहीत धरून लिहिलंय.
संध्या

जालना
९ डिसेंबर २०२४

चि. संध्यास,
अ. उ. आ.

राग आल्ता. चार दिवस तुझं पत्र कपाटात टाकलं. मामीनं ते बाहेर काढलं अन् म्हणाली, मागचं मोठ्यानं वाचलंत, मंग हे का न्हाई? तेबी मोठ्यानं वाचलं. मंग गेलो. यकृताला सूज निघाली. डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर बरंचसं भरून येईल. आठ दिवस ठेवून घेतलं. हात इतके थरथरायचे, की मामी चहा पाजायची. दारू सोडून आज बावन्न दिवस झाले. पायाची सूज उतरली, दोन भाकरी खातो.

पण तातेराव माझ्या डब्याच्या भरवशावर पीत राह्यला. त्याच्या घरी गेलो अन् सगळ्यांदेखत सांगितलं, की मी मला पायजे तेवढंच वाचलं अन् तुलाबी तेच शिकवलं. डबा परत दे. तो हसला, भित्रा म्हणाला. दुसऱ्यांदा दार उघडलं न्हाई. काल तिसऱ्यांदा गेलो, तर त्याचे डोळे पिवळे दिसले. आज मोटरसायकलवर बसवून इथं आणलं.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहून राह्यलो. तो शेजारी बसलाय, माझी बाही धरून. हात किती दिवस थरथरतात, असं हळूच विचारलं त्यानं. अकरा दिवस, म्हणालो.

तब्येतीला जप, अन् चुकलो तर असंच स्पष्ट लिहीत जा. त्याचं नाव पुकारलंय. दोघंबी आत जातो.

तुझा,
भुजंगमामा