ने आता तिला

प्रिय धाकटे,

फोनवर आईचा आवाज ऐकून तुला बरं वाटलं असेल. शब्द अजून बोबडे येतात, पण हुकूम बरोबर कळतात. डावं अंग मात्र तसंच, लुळं. मी सकाळी दुकानात चष्म्याच्या काचा घासते आणि दुपारी घरी पळते. तोवर शेजारच्या काकू तिच्यापाशी बसतात.

गेल्या आठवड्यात तिला ताप चढला, इस्पितळात न्यावं लागलं, हे तुला सांगितलं. त्या दुपारचं मात्र सांगितलं नाही. चादर बदलायला कुशीवर वळवलं, तर तिचा सगळा भार माझ्यावर आला. पाठीत उसण भरली. घातलेली चादर पुन्हा ओली झाली. मी तिथंच फरशीवर बसले आणि म्हटलं, प्रभू, ने आता तिला. वर 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हेही जोडलं. म्हणजे इच्छा माझी आणि नाव त्याचं. संध्याकाळी ती तापानं फणफणली.

इस्पितळाच्या बाकावर मी एकच घोकत होते, माझं ऐकू नकोस. चर्चच्या मंडळीतली माणसं येत, हात धरून तिच्यासाठी प्रार्थना करत, आणि आमेन म्हणताना माझी मान वर होत नसे. पाळकसाहेब म्हणाले, आईचं किती मनापासून करतेस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आणल्यावर मला राहवेना. भरवता भरवता तिला सांगून टाकलं. तिनं तोंडातला घोट गिळला. मग वाकड्या ओठांनी म्हणाली, मीही रोज तेच मागते. तो ऐकत नाही. त्याचं त्याला कळतं. सूप गार होतंय.

तिनं माफ केलं असेल. माझ्या मनातलं जात नाही.

रविवारी उपासनेत गेथशेमाने बागेतला, प्रभूला धरून नेलं त्या रात्रीचा उतारा वाचला. प्रभूनंही आधी 'हा प्याला टळू दे' असंच मागितलं, मग पित्यावर सोपवलं. हे आपण लहानपणापासून ऐकतो. या वेळी त्याच्या आधीचं ऐकू आलं: त्यानं सोबत्यांना म्हटलं होतं, माझ्याबरोबर जागे राहा. त्यालाही माणसांकडे मागावं लागलं. मी मात्र तू विचारलंस की 'सगळं ठीक' म्हणायची, आणि तुझ्याकडे मागायचं ते देवाकडे भलत्याच शब्दांत मागून बसले. म्हणून हे पत्र. मी थकलेय गं. आईचं काय व्हायचं ते त्याच्या इच्छेनं होईल. तू माझ्या इच्छेनं ये.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझीच ताई