पाठीवरचं पांढरं

दि. ९ फेब्रुवारी, दुपार
ऑफिसातून

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. एरवी मी नुसतं 'नमस्कार' लिहून मोकळी होते, आज साष्टांग घातलाय, तेव्हा काहीतरी भानगड आहे हे तू ताडलंच असशील. वहिनीचा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळे बरे. धाकटीचे दात पडायला लागलेत आणि ती प्रत्येक दात डबीत घालून ठेवते. हे म्हणतात, आईच्या वळणावर गेली, पुरावे जपते.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणशील आणि मी खरंच जाऊ देईन.

आधी माझ्या कामाचं सांगते. 'घोड्यांच्या संस्थेत फाइली बघते' यापलीकडे मी तुला कधी काही सांगितलं नाही. हाल झालेली घोडी आम्ही सोडवतो आणि तुझ्यासारख्यांकडे सांभाळायला देतो. देताना एक फोटो काढतो, वर्षाने सांभाळणारा दुसरा पाठवतो. दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी येतात आणि जनावर तेच आहे का, हे मी ठरवते. कारण कुणी घोडं परस्पर विकतं, कुणाकडचं मरतं, आणि मग भलतंच उभं करून फोटो काढतात.

वाटतं तितकं हे सोपं नाही. वर्षभर पोटभर खाल्लेलं घोडं जन्मदात्यालाही ओळखू येणार नाही. फासळ्या बुजतात, मान भरते, रंग उजळतो, डोळेसुद्धा दुसऱ्याच कुणाचे वाटतात. म्हणून मी कोऱ्या कागदाने सगळं अंग झाकते आणि फक्त कपाळ बघते. तिथे केसांचा भोवरा असतो. कुणाचा डोळ्यांच्या रेषेत, कुणाचा वर सरकलेला, एखाद्याला दोन. जन्माच्या आधी पडलेला तो भोवरा मरेपर्यंत जागा सोडत नाही. उपासमार झाली, मार बसला, म्हातारपण आलं, तरी तो तिथेच, त्याच बाजूला वळलेला. सात वर्षं हे बघतेय दादा, आणि अजूनही भिंगाखाली तो सापडला की मी बघतच राहते. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणतात, "लागली हिची समाधी, चहा गार होणार."

दुसरी खूण म्हणजे अंगावरचं पांढरं. मला काम शिकवलं त्या मोठ्या बाईंचा एक नियम होता, "पांढरं असतं तिथे असतं. नव्याने उगवत नाही, पुसून जात नाही." मी तो पाठ केला होता.

इथेच घोडं पेंड खातं.

गेल्या आठवड्यात घोड्यांचे एक जुने डॉक्टर आम्हांला चार गोष्टी शिकवायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "खोगिराने पडलेली खोल जखम भरली ना, की तिथे केस बहुधा पांढरेच येतात. असं पांढरं दिसलं की समजायचं, कुणीतरी महिनोन्महिने निगा राखलीय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही. माझ्या कानात तुझ्या पत्रातली ओळ वाजत होती, "जखम भरली, तिथले केस पांढरे आले, बाकी घोडी मजेत." सहा वर्षांपूर्वी तू फोटोसोबत पाठवलेलं पत्र. ते मी वाचलं होतं.

डॉक्टर गेल्यावर मी तुझी फाइल काढली. पहिल्या फोटोत ती तांबूस घोडी, हाडांचा सापळा, पाठीवर हाताएवढी ओली जखम, एका टोकाला निमुळती. तुझ्या फोटोत भरलेली, चमकणारी घोडी आणि पाठीवर पांढरा डाग, हाताएवढा, त्याच टोकाला निमुळता. मी पट्टी लावून मोजलं. मग पारदर्शक कागदावर जखम गिरवली आणि डागावर ठेवली. काठाला काठ बसला. दादा, जिथे मांस दिसत होतं तिथे तू केस उगवून दाखवले होतेस.

तुझ्या फोटोत कपाळ झुलपांनी झाकलेलं होतं. कपाळ दिसत नसेल तर दुसरा फोटो मागवायचा, असा नियम आहे. तो मागवला गेला नाही.

'मागवला गेला नाही' असं मी आत्ता लिहिलं बघ. सवय जात नाही. मी मागवला नाही. ती फाइल माझ्या टेबलावर आली होती, दादा. 'घोडी तीच नाही' हा शेरा माझ्या हातचा आहे.

माझं नोकरीतलं ते पहिलं वर्ष, अजून कायम झाले नव्हते. 'सांभाळणाऱ्याशी नातं' अशा रकान्यात मी 'नाही' लिहिलं होतं. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, कुणाला कळणार होतं? पण चोराच्या मनात चांदणं. वाटलं, भावाचं पास केलं आणि उद्या बिंग फुटलं तर? मला नापास करायला कारण हवं होतं, आणि ते पांढरं आयतं सापडलं. तुझ्या मेहनतीचा पुरावा मी तुझ्याच विरुद्ध लावला.

मग आम्ही तिला बिनकागदाचं जनावर ठरवून तुझ्या दारातून नेलं. आमची नाही म्हणालो आणि आम्हीच नेली. गावात लोक म्हणाले, याने आजारी घोडी खाटकाला विकली आणि दुसरी उभी केली. मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाले, "दादा, माझ्या हातात काही नव्हतं, वरून ठरलं." आणि तू विचारलंस, "तुझ्या नोकरीला तर काही झालं नाही ना?" त्यानंतर तू घोडं पाळलं नाहीस. तबेल्यात लाकडं रचलीस. दरवर्षी येते तेव्हा मी त्या बाजूला बघत नाही.

काल मी तिला बघून आले. ज्या आजींकडे आम्ही तिला नव्या नंबराने दिलं होतं, त्यांच्याकडे आहे. आता म्हातारी झालीय, पाठ खोल गेलीय. मी झुलपं वर केली. कपाळावर दोन भोवरे, एकाखाली एक, दोन्ही डावीकडे वळलेले, पहिल्या फोटोत आहेत तसेच. त्यांच्यावर बोट ठेवलं तेव्हा ती हललीसुद्धा नाही, नुसती ऊन ऊन श्वास टाकत राहिली. मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. एवढं सगळं सोसून हे जनावर तेच उरलं होतं, त्याचं ते रडू होतं.

आजी म्हणाल्या, "गुणाची आहे हो, पण हट्टी. बादलीत हात फिरवून दाखवल्याशिवाय पाण्याला तोंड लावत नाही. कुणी लावली ही सवय कोण जाणे."

मी म्हटलं, "माझ्या भावाने."

त्या फाइलीतलं हे नातं मी सहा वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर कबूल केलं. आज सकाळी साहेबांना लेखी दिलं, नातं लपवल्याचं आणि खोट्या शेऱ्याचं. नोकरी राहील असं वाटत नाही, आणि तू त्याची काळजी करायची नाही, अजिबात नाही. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाले, "आधी त्या माणसावरचा ठपका काढू." संस्थेचं पत्र तुला आणि गावच्या पंचायतीला वेगळं येईल. वरातीमागून घोडं, पण येईल.

आजी घोडी द्यायला तयार आहेत. म्हणाल्या, ज्याची आहे त्याच्याकडे जाऊ दे, मला अधूनमधून बघायला येऊ द्या. शनिवारी सकाळी गाडी येईल, तेवढी लाकडं काढून ठेव. मी पुढे ड्रायव्हरशेजारी असेन. तू बोलावलं नाहीस तर खाली उतरणार नाही, आणि त्याचा राग धरण्याचा मला हक्क नाही. पण मला नको म्हणालास तरी तिला नको म्हणू नकोस. घोड्याचं आयुष्य ते केवढं, तिची आता फार वर्षं उरलेली नाहीत आणि सहा तर मीच खाल्ली आहेत.

वहिनीला हे पत्र वाचून दाखव. काही गाळू नकोस.

तुझी सख्खी बहीण