पुढच्या खोलीत पियानोच राहील

मी खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय पियानो शिकवणे, माझ्या पश्चात काय कुणाचे ते पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, त्याची हकीकत अशी.

माझे धाकटे दीर कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. मागच्या महिन्यात चहाला आले आणि साखर ढवळता ढवळता म्हणाले, "वहिनी, गंमत म्हणून एक घड्याळ काढून दाखवता?" समोर भिंतीवर होते तसे मी काढले. ते कधीचे बंद आहे. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन. "आई, काकाला काळजी वाटते. तुला वेळेचं भान राहिलेलं नाही म्हणतो. आपण घर विकून टाकू, तू माझ्याकडे ये." काकाला काळजी आणि पुतण्याला गिऱ्हाईक एकाच आठवड्यात सापडले होते. म्हणून माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. भावोजींच्या डोक्याचा दाखला मी मागितलेला नाही.

कलम पहिले. घर माझे स्वकष्टार्जित आहे. यजमान त्याच कॉलेजात चित्रकला शिकवत. त्यांचा पगार रंगांत विरघळे, भिंती माझ्या शिकवण्यांवर उभ्या राहिल्या. मागच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मुलाला द्यावे. पुढची खोली, तिचा रस्त्याकडचा दरवाजा आणि पियानो माझ्या शिष्येला द्यावा. तिच्या चेहऱ्यावर कधी काही उमटत नाही म्हणून कॉलेज तिला 'ठोकळी' म्हणे.

तिलाच का, ते सांगते. एके वर्षी कॉलेजाने चित्रकला, संगीत आणि मानसशास्त्र एकत्र कालवून 'मन आणि कला' असा अभ्यासक्रम काढला. प्रमुख भावोजी. म्हणजे यजमान चित्रकला शिकवणार, मी पियानो, आणि आम्ही काय शिकवतो ते भावोजी आम्हाला समजावणार. परीक्षेत आधी वाजवायचे, मग मनात काय आले ते सांगायचे. ठोकळीने असे वाजवले की शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर हातात खडू धरून दारात येऊन उभे राहिले.

भावोजींनी विचारले, "वाजवताना मनात काय दाटून आलं?"

"काही नाही सर. चौथं बोट घसरू नये, एवढंच."

नापास. तिच्यामागून आलेल्या पोराने निम्मे सूर चुकवले आणि उरलेल्या वेळात हुंदके दिले. तो पहिला आला.

मी भर वर्गात म्हटले, "भावोजी, रडण्याचीच परीक्षा असेल तर पियानो कशाला? कांदे वाटा."

"वहिनी, हा तुमचा बचावात्मक पवित्रा आहे," ते म्हणाले.

मी त्याच दिवशी राजीनामा दिला. निकाल बदलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकळी माझ्या दारात. "बाई, आता मी कुठे शिकू?" मी म्हटले, "हात धुऊन ये." ती अजून इथेच आहे. माझी बोटे सांध्यांनी वाकडी झाल्यापासून वर्ग तीच चालवते. खोली तिच्या नावे करते म्हटल्यावर घाबरली. "नको बाई, तुमच्या घरात भांडणं लागतील." या घरात भांडणे कधी थांबली होती?

कलम दुसरे. यजमानांची चित्रे मुलाने ठेवावीत. मात्र 'चिंतनमग्न बंधू' हे मोठे चित्र भावोजींना द्यावे. प्राध्यापकांच्या बैठकीत ते गाढ झोपले असताना यजमानांनी ते समोर बसून काढले. भावोजींना अजून ते चिंतनच वाटते. कोणी भ्रम दूर करू नये.

कलम तिसरे. माझ्या शोकसभेत भावोजींनी बोलू नये. यजमान गेले त्या दिवशी मी रडले नाही, स्वयंपाकघरात गेले. तर भावोजी मागून येऊन म्हणतात, "वहिनी, तुम्ही नकाराच्या अवस्थेत आहात." मी चहाच्या अवस्थेत होते; घरभर माणसे बसली होती. माझे रडणे मी माझ्या सवडीने रडले. त्याची नोंद कुठे नाही, हेच बरे.

कलम शेवटचे, मुलासाठी. लहानपणी हा चांगला वाजवायचा. आईच्या धाकाने पोराची नैसर्गिक ओढ दबते आहे, असे काकाने निदान केले आणि याचा रियाज सुटला. ती ओढ अद्याप सापडलेली नाही. सध्या तो कचेऱ्यांमधून सृजनशीलतेवर भाषणे देतो.

गेल्या रविवारी तो घरावरून भांडायला आला. पुढच्या खोलीत ठोकळी वर्ग घेत होती. हा मधल्या दारात बोलता बोलता थांबला. त्याचा उजवा हात चौकटीवर होता आणि बोटे आतल्या पियानोबरोबर हलत होती. एकही बोट चुकत नव्हते. त्याला पत्ता नव्हता.

म्हणून ते मधले दार दोघांपैकी कोणीही विटा लावून बुजवू नये. मुलगा कधी त्या दारातून शिकायला आला, तर शिष्येने त्याला पहिल्या धड्यापासून बसवावे. वयाची सबब ऐकू नये. मालकिणीचा मुलगा म्हणून फी माफ करू नये. चुकला तर रागवावे, आणि उठून जाऊ लागला तर, मी तेव्हा अडवले नाही, तिने अडवावे.

वरील मजकूर वाचून, पटून सही केली.

सही: पियानोवाल्या बाई
साक्षीदार: १) दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाई २) शेजारचे गणिताचे सर, निवृत्त
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च