पेल्यातलं पाणी हललंच नाही

प्रिय धाकटोबा,

तू फोनवर विचारतोस, "ताई, आली का गादी?" आणि मी दर वेळी "बघू, सांगते" करून विषय बदलते. तुला वाटलं असेल, ताई नेहमीसारखी दुकानं पालथी घालत बसली असेल. तसं नाही रे. दुकानात जे घडलं ते फोनवर सांगायला माझी जीभच वळेना. लिहायची सवय गेलीय, तेव्हा अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय म्हणून हसू नकोस. हसायचंच असेल तर पहिल्या पानावर हसून घे.

आईबाबांच्या गादीतला खड्डा तुला आठवतोय ना? आठवणारच, निम्मा तूच पाडलास उड्या मारून. रात्री दोघं दोन काठांना झोपायचे आणि सकाळी मधल्या खड्ड्यात एकमेकांना खेटलेले सापडायचे. आपण किती चिडवायचो त्यांना! बाबा म्हणायचे, "आमचं भांडण टिकत नाही ते ह्या गादीमुळे." पण अलीकडे बाबा सकाळी उठायचे तेच डोकं धरून. दिवसभर पेंगायचे. छापखान्यात अख्खी हयात उभ्याने काढलेला माणूस, तो आता पेपर वाचता वाचता खुर्चीत मान टाकायचा. आईचे डोळे तर कायम ओढलेले. तुझं ते भाषण मला पटलं होतं, खोटं कशाला बोलू? "सगळा दोष त्या गादीचा आहे. लोकरीची, पॉकेट स्प्रिंगची घ्या. आम्ही घेतली, स्वर्ग आहे!" असं म्हणून तू फोटोही पाठवलास, गादीवर आडवा पसरलेला तू आणि शेजारी 'झकास' म्हणून अंगठा वर केलेली तुझी बायको. मग मी आईबाबांच्या मागे लागले आणि एका दुपारी दोघांना जवळपास ओढतच दुकानात घेऊन गेले.

दुकान म्हणजे नुसता पलंगांचा माळ. माणसं चपला न काढता ह्या पलंगावरून त्या पलंगावर, पायाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून पडलेली, आणि सगळी छताकडे बघत गंभीर. बाबा माझ्या कानात कुजबुजले, "दवाखान्यात आलोय का गं?" आमच्या वाट्याला आलेला विक्रेता उत्साही होता. टाय बेंबीच्या खाली लोंबत होता, म्हणून बाबांनी त्याचं लगेच 'टायवाला' करून टाकलं. त्याने उभी कापलेली नमुन्याची गादी दाखवली. वर लोकरीचा जाड थर, खाली स्प्रिंगा, आणि प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली. लोकर घाम शोषते, उन्हाळ्यात तापत नाही, थंडीत गार पडत नाही, असं तो सांगत होता. आई मात्र ऐकतच नव्हती. जन्मभर लोकांचे पडदे शिवलेली बाई ती, तिने थेट पिशवीची शिवण चिमटीत धरून ओढून बघितली. "टीप बारीक आहे, उसवणार नाही," म्हणाली. टायवाल्याला एवढा आनंद झाला की त्याने तिला खुर्ची आणून दिली.

मग निवड सुरू झाली. पहिली फार मऊ निघाली. बाबा त्यात रुतले आणि ओरडले, "ताई, काढ मला बाहेर, हे तुझंच काम!" (पोहायला शिकवणारी मुलगी असली की हा विनोद आयुष्यभर ऐकावा लागतो.) दुसरी इतकी कडक की आई म्हणाली, त्यापेक्षा आपली फरशी काय वाईट. तिसरी मध्यम, आणि ती खरोखर सुरेख होती रे. पाठ टेकली की कंबरेखाली पोकळी राहत नव्हती, खांदा हवा तेवढाच आत जात होता. बाबांनी तर डोळे मिटून "अहाहा" केलं. मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. तेवढ्यात टायवाल्याने आपला हुकमाचा एक्का काढला. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला त्याने एका ट्रेमध्ये, गादीवर आई झोपेल त्या बाजूला ठेवला आणि बाबांना म्हणाला, "काका, आता हवं तसं लोळा." बाबांनी ह्या कुशीवरून त्या कुशीवर केलं, पाय आपटले, लहान मुलासारखे हसले. पेल्यातलं पाणी हललंच नाही. बाजूच्या पलंगावरच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या.

आई मात्र खुर्चीतून उठून पेल्यापाशी आली. "म्हणजे हे हलले तरी मला कळणार नाही?" तिने विचारलं. "अजिबात नाही मावशी! शेजारी भूकंप झाला तरी तुमची झोप मोडणार नाही," टायवाला छाती फुगवून म्हणाला. "मग ही नको," आई म्हणाली.

धाकटोबा, आपल्या आईने आजवर कधी कशाला सरळ "नको" म्हटलेलं तू ऐकलंयस? मी नाही ऐकलेलं. "तुम्हाला आवडेल ते," "चालेल की," "माझं काय एवढं," हीच तिची वाक्यं. मी चाटच पडले. बाबा म्हणाले, "अगं, शिवण बघतेस, मग पडून तर बघ." टायवालाही म्हणाला, त्यांच्या दुकानाचा नियमच आहे, दोघांनी थोडा वेळ शांत पडल्याशिवाय ते गादी विकतच नाहीत. आईचा नाइलाज झाला. टायवाल्याने पेल्याचा ट्रे पायथ्याशी सरकवला, ती कडेला आडवी झाली आणि सवयीने ऐकू यायचं कानातलं यंत्र काढून तिने माझ्या हातात दिलं. उशीवर कान टेकला की ते शिट्टी मारतं ना. रात्रीही ती ते काढूनच झोपते. तेव्हा ह्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

बाबांना झोप लागायला वेळ लागत नाही, हे तुला माहीतच आहे. बघता बघता त्यांचा करवतीचा कारखाना सुरू झाला. बाजूचे लोक हसायला लागले, टायवाला मला म्हणाला, "गादी पास झाली म्हणायची!" मीही हसले. आणि मग आवाज थांबला. मला वाटलं, कूस बदलतील. छाती वरखाली होत होती, पोट ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून हवा म्हणून ये-जा करत नव्हती. नळी दाबून धरल्यासारखं. मी तलावावर शिकवायला उभी असते तेव्हा पाण्याखाली गेलेलं पोर वर येईपर्यंत मीही श्वास धरते, ती माझी जुनी सवय. तिथेही आपोआप धरला. आणि धाकटोबा, मला श्वास सोडावा लागला. माझी, इतकी वर्षं पोहण्यात काढलेल्या बाईची, छाती फुटायला आली आणि बाबांनी अजून श्वास घेतलेला नव्हता. ओठ जांभळट व्हायला लागले होते. त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर, आई डोळे मिटून शांत पडलेली. तिला पत्ताच नव्हता.

मी "आई!" म्हणून किंचाळले. अख्खं दुकान वळून बघायला लागलं, आई तेवढी हलली नाही, कारण तिचा कान माझ्या मुठीत होता. मी तिचा पाय धरून गदागदा हलवला. तिने डोळे उघडले, माझं तोंड बघितलं, आणि काहीएक न विचारता बाबांच्या बरगडीत असं कोपर हाणलं की पलीकडचा टायवाला दचकला. बाबांनी घुसमटून मोठा श्वास ओढला, कूस बदलली आणि परत घोरायला लागले. पेला तसाच होता ट्रेमध्ये. पाणी तेव्हाही हललं नव्हतं.

आई उठून बसली. तिने कानाला हात लावून दाखवला. मी यंत्र तिच्या कानात बसवलं तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "बघितलंस? कळलंच नाही मला." मग त्या पलंगाच्या काठावर बसून तिने सगळं सांगितलं. हे रोजचं आहे. आजचं नाही, वर्षानुवर्षांचं. त्या खड्ड्यात दोघं एकमेकांवर घरंगळतात, बाबांच्या श्वासाबरोबर गादी हलते, त्या हलण्यावर ती झोपते. गादी हलायची थांबली की तिला जाग येते. मग कोपर, मग पुन्हा झोप, मग पुन्हा जाग. तिला ऐकू येत नाही, म्हणून ती पाठीने ऐकते. मी जवळजवळ ओरडलेच, सांगितलं का नाहीस कुणाला? तर म्हणाली, "त्यात काय सांगायचं? पुरुष घोरतात, मधेच थांबतात. आपण ढोसायचं, घड्याळाला किल्ली देतो तसं." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणाने, "का गं, तुझा नवरा नाही थांबत?"

तिला वाटत होतं, सगळ्याच बायका हे करतात. घरोघरी बायका रात्री उठून नवऱ्याचा श्वास सुरू करून देतात आणि सकाळी कामाला लागतात, अशी तिची समजूत होती. मला रडू फुटलं, दुकानात, सगळ्यांदेखत. बाबा त्या आवाजाने जागे झाले आणि म्हणाले, "काय झालं? महाग आहे का?"

दुसऱ्याच दिवशी बाबांना डॉक्टरकडे नेलं. झोपेची तपासणी झाली. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास थांबतो, मेंदू घाबरून जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. सकाळचं डोकं धरणं, दिवसाचं पेंगणं, सगळं त्याचंच. गादी बिचारी निर्दोष होती. डॉक्टर आईला म्हणाले की तुमच्या कोपराचे उपकार आहेत, पण कोपरावर माणूस किती दिवस काढणार? आता बाबा नाकावर मास्क लावून झोपतात, यंत्र हवा देत राहतं. आरशात बघून म्हणाले, "हत्ती झालोय." पण दिवसा पेंगत नाहीत, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि त्यावर वादही घालतात. मग आम्ही परत त्या दुकानात गेलो आणि तीच मध्यम गादी घेतली. पहिल्या सकाळी ऊन पार पलंगावर आलं तरी आई उठेना. बाबा घाबरून तिच्या नाकाखाली बोट धरून बसले होते. मी गेले तर मला म्हणाले, "श्वास चालू आहे, पण ही एवढी झोपते कशी?" मला हसावं की रडावं कळेना.

आता हे पत्र का, ते लिहिते. काल बाबांना परत दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, "हे घराण्यात असू शकतं. मुलगा आहे का? घोरतो का?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "अगदी ह्यांच्यासारखा." मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तू जेवता जेवता डुलक्या काढतोस म्हणून आपण हसतो. मागे लिफ्टच्या दुरुस्तीला निघालास तेव्हा सिग्नलला व्हॅनमध्ये डोळा लागला, मागच्यांनी हॉर्न वाजवून उठवलं, हे तूच गंमत म्हणून सांगितलंस. आणि तुझी बायको, बिचारी किती खूश होऊन म्हणाली होती, "आता हे घोरोत नाहीतर नाचोत, मी कानात बोळे घालते आणि गादी तर हलतच नाही!" फोनवर हे सगळं बोलले असते तर तू "ताई, तू पण ना" म्हणून हसला असतास आणि फोन ठेवला असतास. म्हणून पत्र. हे आधी तिला वाचायला दे. आज जेवण झालं की आडवा हो, तिला कानातले बोळे काढून शेजारी खुर्ची टाकून बसू दे, आणि तिने काय बघितलं ते तिच्याकडूनच मला कळव. मग डॉक्टरकडे जा, आणि तोवर व्हॅनला हात लावू नकोस. दवाखान्यातून आम्ही घरी आलो. दाराशी आईने जे विचारलं ते तसंच तुला लिहितेय, "त्याची गादी हलत नाही म्हणे. मग तिला कळणार कसं?"

तुझ्या उत्तराकडे श्वास रोखून बसलेली,
तुझीच
ताई