टाकीच्या सावलीतली माणसं

रोहा,
१२ एप्रिल १९९८

ती. कृष्णाबायस,
धाकटा भाऊ गुणाजीचा शि. सा. न. वि. वि.

पुतळीच्या वर्षश्राद्धानंतर तुला पत्र टाकलं नाय, रागावू नको. कंपनीच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेत कुठली झाडं लावायची, ते ठरवायचं काम मी घेतलंय. शिफ्ट संपली की घरी वाट बघायला आता बायको थोडीच हाय? दोनदा गुलमोहर लावले, दोन्ही वेळा मार्चातच करपले. असं ऊन पूर्वी मे महिन्यात पडायचं. पावसात तिथंच पाणी तुंबतं. रिटायर झालेली माणसं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसतात आणि सावली सरकली की उठून तिच्यामागे जातात. कमिटीचे हैबतराव म्हणतात, अशोक लावा, रांगेत छान दिसतात. पण अशोकाखाली बसणार कसं? तुझ्या दारी काय तगलंय ते कळव. तुझ्या लेकाचं, निकेशचं मस्कतहून पत्र येतं ना?

तुझ्या मायेचा भुकेला,
गुणाजी

खारेपाट, पेण,
२३ एप्रिल १९९८

चि. गुणाजीस अनेक आशीर्वाद.

झाडांसाठी का होईना, बहीण आठवली म्हणायची! खाडीचा बांध फुटून खारं पाणी आत आलं, तेव्हा दारचा आंबा गेला, शेवगाही गेला. करंज मात्र उभा हाय. पाण्यात उभा राहिला, उन्हातही राहिला. पानं गाळतो न् लगेच नवी काढतो. सावली अशी दाट की खाली खाट टाकावी. फुलांचा सडा पडतो, तुमच्या कॉलनीतल्या बाया झाडताना कुरकुरतील, तेवढं ऐकून घे. शेजारची धोंडुबाई लेकीकडे रोह्याला येतेय, तिच्याकडे शेंगा देते. बी भिजवून पिशव्यांत लाव.

निकेशची पत्रं येतात. माझं बरं चाललंय. जेवत जा वेळेवर.

तुला विसरली नाय ती,
कृष्णाबाय

रोहा,
१९ जुलै १९९८

ती. कृष्णाबायस शि. सा. न. वि. वि.

करंजाची रोपं लावून झाली. हैबतराव मे महिन्यात एका दुपारी टाकीमागे त्या म्हाताऱ्यांत जाऊन बसले, सावलीबरोबर दोनदा उठले आणि म्हणाले, मधोमध करंजच लावू, अशोक फाटकाशी राहू देत.

पण बाय, धोंडुबाईनं सांगितलं ते खरं का? खाऱ्या पाण्यापायी आपली सगळी आळी गाव सोडून गेली, तीही आता लेकीकडेच राहणार. दिवाळीपासून निकेशची एक ओळ नाय. आणि तू मला बरं चाललंय लिहितेस! माझ्या दोन खोल्यांतली एक बंदच असते. तू ये. चार दिवसांसाठी नको, राहायलाच ये.

तुझ्या होकाराची वाट बघणारा,
गुणाजी

खारेपाट, पेण,
२ ऑगस्ट १९९८

चि. गुणाजीस अनेक आशीर्वाद.

धोंडुबाईला बोलू नको गो म्हणून बजावलं होतं. बोललीच. तुझं पत्र चार वेळा वाचलं. पुतळी गेल्यावर तुझं तुलाच जड झालेलं, त्यात माझं कशाला, म्हणून लिहिलं नाय.

रविवारी सकाळच्या एसटीनं येते. स्टँडवर उभा राहा. मी आल्यावर फार बोलले नाय तर नाराज झाले असं समजू नको. बरेच दिवस कुणाशी बोलणं झालं नाय, सवय मोडलीय. सुरुवातीला तूच बोलत राहा.

येते रे,
कृष्णाबाय