नऊ खांब आणि एक बुटका

प्रिय अ‍ॅव्हिसताई,

धाकट्या भावाचा लांबूनच नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नॉर्मभाऊजींचा खोकला? गायी नीट दूध देतायत ना? (नाताळपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडशील, पण आधी वाचशील.)

इकडे मी सुटलो, ताई! नोकरी वाचली, जीव भांड्यात पडला. ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबसाठी पोरं हेरायचं माझं काम, आणि चार वर्षांत मी आपल्या पेलिकन संघात नऊ ताडमाड भरून ठेवले, हे तुला ठाऊकच आहे. काय करू, उंच पोरगा दिसला की मला मोह आवरत नाही (बाबांचं घोड्यांच्या बाबतीत असंच व्हायचं). नऊही जण एकाच चेंडूला एकदम उड्या मारतात, एकमेकांवर आदळतात, आणि चेंडू खाली पडला की वाकायला कुणी तयार नाही. सांडलेलं वेचून पटकन गोल मारणारं एकही बुटकं पोर आपल्याकडे नाही. शेवटी कोच स्कॅनलन सगळ्यांदेखत गरजला, "मर्व्ह, तंबूचे खांब नऊ झाले. आता अजून एक लांबुडका आणलास, तर त्याच्याबरोबर तूही घरी जा!"

निवडीच्या दिवशी सगळे क्लब पाळीपाळीने पोरांची नावं पुकारतात. आमची पाळी आली आणि माझं दैव बघ, दोनशे पाच सेंटिमीटरचा एक पोरगा अजून शिल्लक! तोंडाला पाणीच सुटलं. त्याचं नाव जिभेवर आलं होतं, ते गिळलं आणि "निको व्हेलिस!" असा ओरडलो. निको म्हणजे एकशे एकाहत्तर, उंदरासारखा चपळ. (मार्चमध्ये त्याचा खांदा मोडला, तेव्हापासून खेळला नाही. मुलाखत व्हिडिओ कॉलवरच घेतली, बिचारा पलंगावर मांडी घालून बसला होता.) कोचने माझ्या पाठीवर थाप मारली. चार वर्षांत पहिल्यांदा! रडलो गं, खरंच. घरी येऊन खिम्याचे दोन पॅटिस हाणले आणि आडवा झालो.

तुझा लाडका (एके काळी),
मर्व्ह

ता. क. (गुरुवार) निको सरावाला आला. मला मान वर करून बघावं लागलं! पलंगावर पडल्या पडल्या कार्टं एकशे सत्त्याऐंशीला पोचलंय. माझ्या वहीत सगळे आकडे मार्चचेच. कोच सोमवारपर्यंत सुट्टीवर आहे. आल्यावर निकोला त्याच्यासमोर बसवूनच ठेवीन म्हणतो.

ता. क. २. संघात अजून एक जागा मोकळी आहे. तुझा डार्सी एकशे सत्तरच आहे ना अजून? नाताळच्या जेवणात तो संघात घे म्हणाला, तेव्हा मी त्याला "शिडी घेऊन ये, मग बघू" म्हणालो, तेवढं विसरायला सांग आणि रविवारच्या गाडीने पाठव. पण आधी मोज बाई, आजच मोज.

ता. क. ३. खरं सांगू? उंचीचं कारण खोटं होतं. तुमच्या गावचा अंतिम सामना मी गाडीत लपून बघितला. अख्ख्या मैदानात डार्सीच्या तोडीचा कुणी नव्हता. मामाने भाच्याला घुसवला असं लोक म्हणतील, म्हणून घाबरलो, आणि पोराची थट्टा करून मोकळा झालो. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय. त्याला म्हणावं, स्टेशनवर मामा स्वतः येतोय न्यायला. शिडी मीच घेऊन येईन, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायला मलाच लागेल.