दोनशे बारा खात्रीची कार्डे

मी, वदीआ नकूला सब्बाग, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, नगरपालिका वाचनालयाची निवृत्त ग्रंथपाल, राहणार मीना, त्रिपोली बंदर, लेबनॉन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय नाही. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली आहे आणि त्यांच्यावर अविश्वास ठेवायला मला कारण दिसत नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. २०१४ साली केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात मी रोख रकमा वाटल्या होत्या.

कलम १. मासळीबाजारामागच्या गल्लीतले माझे दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसह, मी सुहा जमील हम्मूद हिला देते. ती माझी नातेवाईक नाही. आमच्या पंथाच्या कायद्यात भावासाठी वाटा राखून ठेवावा लागत नाही, हे मी वकिलाला विचारून घेतले आहे. तेव्हा माझा धाकटा भाऊ मिखाएल याने या घरावर हक्क सांगू नये. घर तिलाच का, ते लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी माझ्या डोक्याविषयी शंका काढणार नाही.

सुहाची आई हिंद माझ्या खालच्या मजल्यावर राहायची, शिवणकाम करायची. तिचा नवरा जमील मालवाहू जहाजावर अपघातात मेला, आणि कंपनीने भरपाई म्हणून चाळीस हजार डॉलर दिले. २०१२ ची गोष्ट. त्याच वर्षी वाचनालयाला चार संगणक देणगीत मिळाले होते. हिंद एक दिवस हातात फोन घेऊन आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. गल्लीत मला सगळे सित्त, म्हणजे बाई, म्हणतात.

"सित्त वदीआ, हा माणूस म्हणतोय पैसे माझ्याकडे ठेवा, महिन्याला सहा टक्के देतो. त्याचं इंटरनेटवर पान आहे, फोटोबिटो सगळं आहे. खरं असेल का हो?"

"पान तर मीही काढीन उद्या," मी म्हणाले. "बस, बघू या."

तोवर मला पैशातले काही कळत नव्हते. पण एखाद्या मजकुरावर किती विसंबावे हे ठरवण्यात माझी तीस वर्षे गेली होती. मी पुस्तकाला विचारते तेच त्या पानाला विचारले. लिहिणारा कोण? कधी लिहिले? लिहून त्याला काय मिळते? त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा कोणी तेच सांगतो का? पानावर माणसाचे पूर्ण नाव नव्हते, पत्ता नव्हता, परवान्याचा क्रमांक नव्हता. मध्यवर्ती बँकेच्या यादीत त्याचा पत्ताच नव्हता. मी हिंदला म्हटले, "एक पैसा देऊ नकोस." तिने दिला नाही. चौदा महिन्यांनी तो माणूस पळाला. आमच्या गल्लीतली सात घरे त्यात गेली, हिंदचे वाचले.

त्यानंतर दर बुधवारी बायका वाचनालयात येऊ लागल्या. मग पुरुषही, आधी वर्तमानपत्र वाचायचे निमित्त करून. मी शोधत बसायची. सरकारी पाने, विद्यापीठांची पाने, परदेशातल्या ग्राहक संस्थांची पाने, अरबी, फ्रेंच, जमेल तशी इंग्रजी. जे कसोटीला उतरे त्याचे पुस्तकासारखे कार्ड करायची. वर पत्ता, खाली कोणी लिहिले, कधी तपासले, कशासाठी वापरावे. अशी दोनशे बारा कार्डे झाली. सगळी एकमुखाने सांगत होती, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, वचन मोठे तिथून लांब राहा, परवाना तपासा, पैसा घरात ठेवू नका, बँकेत ठेवा. मी तेच सांगितले. हिंदने चाळीस हजार बँकेत ठेवले. त्या बँकेचा परवाना मी स्वतः तपासला होता. माझी आयुष्यभराची बचतही मी तिथेच ठेवली.

मिखाएल तेव्हा हसायचा. "ताई, तू संगणकाला विचारून श्वास घेतेस का गं?" म्हणायचा. त्याने आपला पैसा सोन्याच्या नाण्यांत केला आणि पीठ ठेवायच्या डब्यात लपवला. मी त्याला अडाणी म्हणाले होते, चार माणसांत. तो शब्द मी इथे मागे घेते.

मध्यवर्ती बँकेकडचे डॉलर आटले आणि २०१९ च्या ऑक्टोबरात देशभरच्या बँकांची दारे बंद झाली. दोन आठवड्यांनी उघडली, तेव्हा आतून लोखंडी पत्रे लागले होते आणि डॉलर मिळणे थांबले होते. पुढच्या वर्षी हिंदच्या छातीत गाठ निघाली. देशातली औषधे संपली होती. सायप्रसहून आणता आली असती, पण त्यांना ताजे डॉलर हवे होते, म्हणजे नोटा. बँकेतले जुने डॉलर कोणी घेत नव्हते. मी तिच्याबरोबर बँकेत गेले. खिडकीतला मुलगा माझ्याच वाचनालयात अभ्यास करून शिकलेला होता.

"पैसे आहेत ना खात्यात?" मी विचारले.

"आहेत की. हे बघा, चाळीस हजार, वर व्याजही आहे."

"मग दे."

"आहेत, पण देता येत नाहीत, सित्त. लिरामध्ये देतो, आमच्या दराने, महिन्याला ठरलेले तेवढेच."

लिरा हे आमचे घसरलेले चलन, त्या दराने डॉलरमागे जेमतेम वीस सेंट पदरात पडत होते. हिंदने माझा हात धरला आणि त्या मुलाला म्हणाली, "राहू दे बाळा, तुझा काय दोष." बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. तिने मला काहीही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

मी मिखाएलकडे गेले. चार नाणी उसनी मागितली. त्याने दारातूनच सांगितले, "तुझ्या कार्डांना माग." मी त्याचे पाय धरायला वाकले, तर तो आत निघून गेला. परदेशातल्या एका खात्रीच्या संस्थेलाही मी लिहिले, की तुमच्या सल्ल्याप्रमाणे सर्व केले, आता बँकच पैसे देत नाही, पुढे काय करावे. उत्तर आले की आपला प्रश्न आमच्या देशाबाहेरचा आहे.

हिंद २०२२ च्या जानेवारीत गेली. तोवर बँक दर महिन्याला देईल ते लिरा ती घेत राहिली होती. तिसऱ्या दिवशी मी कॉफी घेऊन खाली गेले. सुहा लहानपणापासून मला मावशी म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "सित्त वदीआ, मी हिशेब केला. तो चोर होता ना, त्याने पळायच्या आधी चौदा महिने सहा टक्के दिले लोकांना. आईने त्याला दिले असते तर बँकेने दिले त्याच्या चौपट हातात आले असते. चोराने जास्त दिलं असतं."

मी तो हिशेब घरी येऊन तीनदा करून पाहिला. बरोबर होता.

कलम २. बँकेतील माझ्या खात्यावरची सर्व रक्कम, पडद्यावर एकसष्ट हजार चारशे डॉलर अशी दिसते ती, व्याजासह, मी भाऊ मिखाएल नकूला सब्बाग याला देते. ती मिळवण्यासाठी त्याला दर महिन्याला रांगेत उभे राहावे लागेल. हे मी रागाने लिहीत आहे आणि शुद्धीत लिहीत आहे.

कलम ३. दोनशे बारा कार्डे लाकडी खणासकट वाचनालयाला द्यावीत असे मला वाटत होते. मागच्या उन्हाळ्यात, वीज येई त्या दोन तासांत, मी सगळी पुन्हा तपासली. एकशे एकतीस पाने आता उघडत नाहीत. उरलेली उघडतात आणि अजूनही तेच सांगतात. त्यातली एकही ओळ खोटी नाही. कुठल्या कसोटीत मी चुकले ते मला सापडले नाही, आणि सापडले असते तर मी शांत झोपले असते. परवाना देणाऱ्या मध्यवर्ती बँकेलाच कुठल्या यादीत शोधायचे, हे एकाही कार्डावर नाही. ती कार्डे कोणाला द्यायची ते मी ठरवू शकलेले नाही. वाचनालयाने मागितली तर द्यावीत. कोणी मागेल असे वाटत नाही.

कलम ४. शिवणयंत्र हिंदचेच आहे. औषधासाठी तिने ते विकायला काढले तेव्हा मी घेतले, चालवायला मला येत नाही. ते सुहाला परत जावे. गॅसची शेगडी, ऑलिव्ह तेलाचा भरलेला डबा आणि हिवाळ्याचा कोट तळमजल्यावरच्या उम्म निकोलाला, म्हणजे निकोलाच्या आईला. दफनाला पाद्री असावा, भाषण नसावे. कॉफी कडू असावी, पण उसनवारी करून आणू नये.

कलम ५. घर देणार हे सुहाला माझ्या मरणानंतर कळू नये म्हणून मी गेल्या रविवारी तिला बोलावून सांगितले. ती बेकरीतून थेट आली, बाह्यांना पीठ लागलेले. चहा घेतला नाही. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"मी इथे राहणार नाही," ती म्हणाली. "कागद झाले की जर्मनीला जायचंय. म्हणजे घर विकावं लागेल."

"वीक. तुझंच आहे."

"विकलं, तर पैसे कुठे ठेवू?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखर विचारत होती, तिची आई टेबलासमोर उभी राहून विचारायची तशी. "तुम्हाला तेवढं तरी माहीत असेल ना, मावशी?"

मी तिच्या बाहीवरचे पीठ झटकले. ती जिना उतरून गेली. या प्रश्नाविषयी मी या मृत्युपत्रात कोणतीही तरतूद करू शकत नाही.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आणि बरोबर असल्याने खाली सही केली.

सही: वदीआ नकूला सब्बाग

साक्षीदार १: बोत्रोस अंतून हलाबी, पुस्तकबांधणी करणारे, मीना.
साक्षीदार २: नाझिक रशीद उमरी, निवृत्त शिक्षिका, मीना. (यांचे पैसेही त्याच बँकेत आहेत.)

स्थळ: मीना, त्रिपोली.
दिनांक: १४ मार्च २०२३.